पराचा कावळा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मुलगी रात्रीच्या बसने पुण्याहून नागपूरला निघाली होती. पोचल्यावर फोन करते, म्हणाली होती. सकाळचे आठ वाजले, नऊ वाजले, फोन नाही. मी लावला तर बंद. साडेनऊला मी बातम्या लावल्या. दहाच्या सुमारास मला बस दरीत दिसू लागली. त्या रस्त्यावर एवढी खोल दरी नेमकी कुठे आहे, हा साधा प्रश्न काही मला सुचला नाही. सव्वादहापर्यंत मी पोलिसांचा निरोप, इस्पितळातला बाक, नातेवाइकांना कळवायचा क्रम हे सगळे पार करून तिच्या खात्यावर वारसदार म्हणून कोणाचे नाव लावले आहे इथपर्यंत येऊन पोचले होते. बँकेतली सवय! साडेदहाला तिचा फोन आला. फोनची बॅटरी उतरली होती, आणि मैत्रिणीकडे जाऊन ती आधी झोपली होती. ह्यांनी पेपरातून डोके वर न काढता एवढेच म्हटले की, पराचा कावळा करण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

पर म्हणजे पीस. अंगणात एक पीस दिसायचा अवकाश, त्याचा अख्खा कावळा उभा करायचा. आपल्या म्हणी-वाक्प्रचारांचा मला अभिमान आहे. पण हा वाक्प्रचार आपल्याच मालकीचा नाही हे मला मागाहून कळले. डेन्मार्कमधली माणसेही असेच म्हणतात. फक्त त्यांचे पीस कोंबडीचे असते, आणि एका पिसाच्या पाच कोंबड्या होतात. हे बोलणे त्यांच्याकडे रूढ झाले ते एका गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट लिहिली हान्स क्रिश्चन अँडरसनने. कुरूप बदकाचे पिल्लू, जलपरी, राजाचा नवा पोशाख, काड्यापेट्या विकणारी मुलगी... आपल्या घराघरांत ज्याच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, तोच हा अँडरसन.

ती गोष्ट १८५२ सालची. एक सभ्य कोंबडी रात्री दांडीवर बसून चोचीने पिसे साफ करत असते. एक पीस गळते. ती गमतीने म्हणते, जितकी पिसे उपटावीत तितकी मी सुंदर दिसेन. शेजारची कोंबडी ते ऐकते आणि कोंबड्यासाठी नटणाऱ्या निर्लज्ज कोंबडीची हकीकत दुसरीला सांगते. वर घुबडीण बसलेली असते, ती ऐकते. घुबडिणीकडून कबुतरांकडे, कबुतरांकडून दुसऱ्या खुराड्यातल्या कोंबड्याकडे, असे करत करत बातमी गावभर फिरून मूळ खुराड्यात परत येते. तोवर तिच्यात पाच कोंबड्या झालेल्या असतात. प्रेमापायी सगळी पिसे उपटून, एकमेकींना टोचून त्या मेलेल्या असतात. आणि जिचे पीस गळले होते तिला आपलीच गोष्ट ओळखू येत नाही! ती संतापते आणि लोकांना धडा मिळावा म्हणून ही बातमी वर्तमानपत्रात छापून आणवते.

लोक ही गोष्ट अफवांवरची म्हणून वाचतात. मीही तशीच वाचत असे. त्या सकाळनंतर पुन्हा वाचली तेव्हा वाटले की, ही शेजारीण, ही घुबडीण, ही कबुतरे बाहेर असायचे कारण नाही. एकाच माणसाच्या डोक्यात, सव्वा तासात, हा सगळा प्रवास होऊ शकतो. मग मी अँडरसनचे चरित्र शोधून काढले, आणि मला कळले की हा माणूस जन्मभर कावळेच करत होता. माझ्यापेक्षा कितीतरी मोठे, कितीतरी काळे.

त्याचा जन्म २ एप्रिल १८०५चा, फ्यून बेटावरच्या ओडेन्स गावचा. बाप चांभार, जोडे शिवणारा. आई लोकांचे कपडे नदीच्या गार पाण्यात उभी राहून धुणारी. बाप हौशी होता, मुलाला वाचून दाखवी, त्याच्यासाठी बाहुल्यांचे छोटे नाट्यगृह करून देई. नेपोलियनच्या युद्धाच्या दिवसांत तो सैन्यात गेला, खचून परत आला आणि १८१६ साली वारला. मुलगा अकरा वर्षांचा होता.

पण त्या घरावर खरी सावली होती ती आजोबांची. आजोबांच्या डोक्यावर परिणाम झालेला होता. ते लाकडाची चित्रविचित्र प्राणी-माणसे कोरीत, डोक्याला फुले-पाने बांधून गावातून फिरत आणि पोरे त्यांच्या मागे हुर्यो करत धावत. एकदा अशा पोरांचा घोळका येताना पाहून छोटा हान्स जिन्यामागे लपून बसला. आपण त्याच रक्तामांसाचे आहोत हे त्याला तेव्हा कळले आणि मग जन्मात विसरता आले नाही. आजी एका इस्पितळाच्या बागेत काम करी. तिथे वेडी माणसेही ठेवलेली असत. तिच्याबरोबर गेलेल्या हान्सने एकदा एका कोठडीच्या दाराच्या फटीतून आत पाहिले. आत पेंढ्यावर एक विवस्त्र बाई गात बसली होती. ती किंचाळत दाराशी आली, जेवण सरकवायची झडप उघडली आणि तिने हात बाहेर काढला. बोटे त्याच्या अंगाला लागली. माणसे धावून आली तेव्हा तो भीतीने अर्धमेला झाला होता.

आता हे पीस होते का? होते, आणि चांगले मोठे होते. अशा माणसाच्या भीतीला कोणी उगाचची म्हणू नये. आजोबा वेडे, बापही शेवटच्या आजारात वाताच्या भरात बरळत गेलेला. आपणही वेडे होणार, ही गोष्ट अँडरसनने मनाशी धरून ठेवली. तो सत्तर वर्षे जगला. वेडा झाला नाही.

१८१९च्या सप्टेंबरात, चौदाव्या वर्षी, तो एकटा कोपनहेगनला निघाला. नट व्हायचे होते. खिशात थोडे पैसे, गाडीचे भाडे, आणि ओळख कोणाचीच नाही. जाऊ द्यावे की नाही म्हणून आईने एका भविष्य सांगणाऱ्या बाईला विचारले. तुझा मुलगा इतका मोठा होईल की त्याच्यासाठी एक दिवस ओडेन्समध्ये रोषणाई होईल, असे तिने सांगितले आणि आईने डोळे पुसून निरोप दिला. मला नेहमी या मुलाचे नवल वाटते. कुत्र्याला घाबरणारा, अंधाराला घाबरणारा, उंच, लांबनाक्या, बायकी आवाजाचा पोरगा. आणि चौदाव्या वर्षी त्याने जे केले ते धीट म्हणवणारी किती मुले करतील? त्याच्या आयुष्यात हे पुन:पुन्हा दिसते. भीती कमी होती म्हणून तो निघाला असे कधीच नव्हते.

कोपनहेगनला आवाज फुटला, नाटकात जमले नाही, उपासमार झाली. शेवटी योनास कोलीन या वजनदार अधिकाऱ्याने त्याच्यासाठी सरकारी मदत मिळवून त्याला शाळेत घातले. सतराव्या वर्षी, बारा-तेरा वर्षांच्या मुलांत. तिथला मुख्याध्यापक मायस्लिंग याने त्याला वर्गासमोर मूर्ख ठरवण्यात काही कसर ठेवली नाही. १८२७ साली कोलीनने त्याला तिथून काढले, पुढच्या वर्षी तो परीक्षा पास झाला. पण मायस्लिंग त्याच्या स्वप्नांतून गेला नाही. युरोपातल्या राजेराण्यांनी मांडीला मांडी लावून बसवल्यावरसुद्धा, म्हातारपणीसुद्धा, रात्री स्वप्नात तो परीक्षेला बसलेला असे आणि समोर मायस्लिंग उभा असे. आमच्या बँकेत खात्याची परीक्षा असे. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी त्या परीक्षेला पेन न घेता गेल्याचे स्वप्न मला अजून पडते, त्यामुळे या बाबतीत मी त्याला हसू शकत नाही.

१८३५ साली त्याची पहिली कादंबरी आली, आणि त्याच वर्षी मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींची एक पातळशी पुस्तिका. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते त्याच्या ट्रंकेविषयी.

अँडरसन सुमारे तीस वेळा परदेशी गेला. एकत्र केले तर आयुष्यातली नऊएक वर्षे त्याने परक्या देशांत काढली. त्या काळी त्याच्याइतके फिरलेले लेखक थोडे. आणि या सगळ्या प्रवासांत त्याच्या सामानात एक लांब दोर असे. हॉटेलला आग लागली तर खिडकीतून उतरण्यासाठी! तो दोर आजही ओडेन्सच्या संग्रहालयात आहे. फोटोत पाहिला तर अगदी साधा, विहिरीवरच्या पोहऱ्याला बांधतात तसा.

तेवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण पारपत्राची त्याला सतत धास्ती. ते हरवले, चुकले, त्यावर योग्य शिक्का नाही. डुकराच्या मांसातून जंत होतील म्हणून ताटाची भीती. भुवईवर एक बारीक डाग आला तर तो वाढत जाऊन डोळा झाकून टाकील ही भीती. मेणबत्ती विझवून अंथरुणात शिरल्यावर, ती खरेच विझली ना, म्हणून पुन्हा उठणे. आणि सर्वांत मोठी भीती जिवंत पुरले जाण्याची. आपण बेशुद्ध पडू, लोक मेलो समजतील आणि पेटीत घालतील. म्हणून झोपताना तो शेजारी एक चिठ्ठी ठेवी. मी मेल्यासारखा दिसतो आहे एवढेच, अशा अर्थाची.

त्याची टिंगल करण्याआधी त्याचा काळ पाहावा. हॉटेले लाकडी जिन्यांची, उजेडाला मेणबत्त्या, उबेला शेगड्या. १८४२ साली हॅम्बुर्ग शहराचा मोठा भाग जळून गेला होता. चुकून जिवंत पुरले जाण्याच्या भीतीने तर सारा युरोप पछाडलेला होता. जर्मनीतल्या काही शहरांत प्रेते आधी खास घरांत ठेवीत आणि त्यांच्या बोटांना घंटीची दोरी बांधून ठेवीत. शोपँसारख्या संगीतकाराने आपले शरीर मृत्यूनंतर उघडावे असे सांगून ठेवले होते. डायनामाइटवाल्या आल्फ्रेड नोबेलनेही आपल्या नसा कापाव्यात असे मृत्युपत्रात लिहिले. तेव्हा अँडरसनची पिसे हवेतून आली नव्हती. त्याची अडचण अशी की, एकदा पीस हातात आले की तो थांबत नसे.

याचा सर्वांत मासलेवाईक नमुना १८५७चा. त्या उन्हाळ्यात तो चार्ल्स डिकन्सकडे पाहुणा म्हणून गेला आणि पाच आठवडे राहिला. (यजमानांचे काय झाले असेल याची कल्पना आपल्याला करता येते. त्या भेटीनंतर डिकन्सने पत्रव्यवहार थांबवला.) एकदा लंडनमध्ये तो भाड्याच्या घोडागाडीत बसला. गाडीवानाने त्या सुमारास बांधल्या जात असलेल्या एका नव्या रस्त्याने गाडी घातली. रस्ता ओळखीचा नाही, म्हणजे हा माणूस आडबाजूला नेऊन आपल्याला लुटणार आणि मारणार, हे अँडरसनने ठरवून टाकले. मग त्याने काय करावे? घड्याळ, पैसे, रेल्वेचे वेळापत्रक, कात्री, चाकू, एक-दोन पुस्तके, ओळखीची पत्रे असे जे जे होते ते सगळे बुटांत कोंबले. घरी पोचला तेव्हा पायांची वाट लागली होती. हे सांगितले आहे डिकन्सने, आणि तो तिखटमीठ लावणारा गडी होता हे लक्षात ठेवायला हवे. पण तिखटमीठ वजा केले तरी उरते ते पुरेसे आहे. गाडीवान बिचारा जवळच्या वाटेने नेत होता. लूट झाली नाही, आणि जखम झाली ती लूट टाळण्याच्या खटाटोपाने.

अमेरिकेत गेल्या शतकात अल्बर्ट एलिस आणि एरन बेक या दोघांनी माणसाच्या या खोडीचा बारकाईने अभ्यास केला. आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते ती एलिसची. त्यांचे सांगणे मी माझ्या शब्दांत मांडते. घाबरलेला माणूस दोन हिशेब एकाच वेळी चुकवतो. संकट येण्याची शक्यता तो वाढवून धरतो, आणि आले तर आपल्याला निभावता येईल याची शक्यता कमी करून धरतो. जमेची बाजू खोडायची आणि खर्चाची बाजू फुगवायची, मग ताळेबंद बुडीत निघणारच. त्यात आणखी एक भर: मनासमोर जे चित्र उभे राहते त्यालाच तो पुरावा समजतो. मला दरी दिसली, म्हणून दरी होती. ज्याची चित्रे काढण्याची शक्ती मोठी त्याचा पुरावा भक्कम. अँडरसनला तर शिवणकामाच्या सुईचा गर्व दिसे आणि कथलाच्या शिपायाचे मन वाचता येई. असा माणूस अनोळखी रस्त्यावर काय काय पाहील!

दोराचे मात्र मी थोडे वेगळे म्हणेन. आजचे तज्ज्ञ सांगतात की असे दोर घरी ठेवून निघावे, कारण सुखरूप परत आल्यावर माणूस श्रेय दोराला देतो आणि भीती तशीच राहते. बरोबर असेल. पण मी बत्तीस वर्षे बँकेत काढली. आम्ही बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी तरतूद करत असू. तरतूद एकदा करायची, वहीत टाकायची आणि मग कामाला लागायचे. त्या कर्जाचे काय होईल म्हणून रोज रात्री उठून वही उघडायची नाही. दोर ही तरतूद होती. ट्रंकेत पडून असे, खायला मागत नसे. पुन:पुन्हा उठून पाहिलेली मेणबत्ती ही तरतूद नव्हती. मी हे अधिकाराने सांगते, कारण शाखेत असताना तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे आणि एक हेड कॅशियरकडे असे, आणि दोघांनी मिळून कुलूप लावलेले असूनही मी दोनदा घरून परत जाऊन शाखेचे शटर हलवून आले आहे. दुसऱ्या वेळी पहारेकऱ्याने मला ओळखले नाही आणि दरडावले. तिसऱ्यांदा गेले नाही ते मन:शांतीमुळे नव्हे, लाजेमुळे.

आता १८४० सालाकडे यायला हवे, कारण अँडरसनची खरी ओळख तिथे पटते. त्या वर्षी तो पहिल्यांदा आगगाडीत बसला, माग्डेबुर्गहून लाइपझिगला. त्याच्या देशात अजून आगगाडी यायची होती. बसण्याआधी अंगात ताप भरल्यासारखे झाले होते. गाडी सुरू झाली आणि थोड्या वेळाने त्याला वाटू लागले की आपण उडतो आहोत. त्या प्रवासाचे त्याने पुढे जे वर्णन केले ते एखाद्या जादूच्या सतरंजीवर बसलेल्या मुलाचे आहे. घाबरवणारी कल्पनाशक्ती आणि उडवणारी कल्पनाशक्ती वेगळी नव्हती. गाडी सुटल्यावर तिला दुसरे काम मिळाले, एवढेच.

तसाच तो इटली, ग्रीस करत १८४१च्या वसंतात इस्तंबूलला पोचला. परत जायचे ते काळ्या समुद्रातून आणि डॅन्यूब नदीने, अशी त्याची फार इच्छा होती. तेवढ्यात बातम्या येऊ लागल्या. बल्गेरियाकडच्या मुलखात बंड झाले आहे, हजारो माणसे मारली गेली आहेत. हॉटेलातल्या सगळ्यांनी त्याला सल्ला दिला की हा बेत सोड, आलास त्याच समुद्रमार्गाने परत जा. या वेळी पीस कोणाच्या कल्पनेतले नव्हते. बंड खरोखरचे होते, गावे जळत होती.

ती रात्र त्याने जागून काढली. मेणबत्ती विझली की नाही हे पाहायला उठणारा माणूस, बंड पेटलेल्या मुलखातून जावे की न जावे याचा विचार करत पडला होता. आणि सकाळी त्याने जायचे ठरवले. पुढे आत्मचरित्रात त्याने याची जी कबुली दिली आहे ती मला त्याच्या अनेक परीकथांहून मोलाची वाटते. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, मी काही शूर माणूस नाही, लहानसहान धोक्यांत तर मी हमखास घाबरतो. पण मोठा धोका असेल आणि पलीकडे काही मिळवण्यासारखे असेल, तर माझ्यात एक इच्छाशक्ती जागी होते. मी थरथरतो, भितो, आणि जे योग्य वाटते ते करतो.

काळ्या समुद्रावरून आगबोटीने क्युस्टेंजेला, म्हणजे आजच्या रुमानियातल्या कॉन्स्टान्त्साला. तिथून जमिनीवरून चेर्नाव्होडाला. मग डॅन्यूबमधून उलट्या प्रवाहाने वर. ओर्शोव्हाला साथीच्या भीतीने सगळ्या उतारूंना दहा दिवस कोंडून ठेवले. बंडवाल्यांनी नव्हे, सरकारी नियमाने. ते दहा दिवस कंटाळ्याचे होते, आणि कंटाळ्याची त्याने आधी मुळीच चिंता केली नव्हती.

आपल्यालाही हे ओळखीचे आहे. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा रिक्षा बोलावण्यापासून रक्ताचे रिपोर्ट आणण्यापर्यंत सगळे मी केले, हात थरथरत होते पण चुकले काही नाही. घाबरायला सवड नव्हती. घाबरणे हे बहुधा सवडीचे काम आहे. खरे संकट समोर आले की ते आपल्याला काहीतरी करायला लावते. कल्पनेतले संकट करायला काहीच देत नाही, फक्त बसवून ठेवते.

तरीही, ज्याची भीती वाटते ते कधीच घडत नाही असे म्हणणे ही फसवणूक होईल. अँडरसनच्या बाबतीत ते घडले. त्याच्यावर नाही, त्याच्या मैत्रिणीवर.

हेन्रिएट वुल्फ. घरच्यांची आणि त्याची येट. एका नौदल अधिकाऱ्याची मुलगी, ठेंगणी, पाठीला कुबड असलेली, आणि मनाने अतिशय मोकळी. अँडरसन कोपनहेगनमध्ये धडपडत होता तेव्हापासूनची ओळख. त्याला फटकारायचा आणि सावरायचा अधिकार तिचा होता. शरीर असे असून ती सगळीकडे हिंडत असे. समुद्र तिला आवडे. तिच्या भावाचा अमेरिकेत मृत्यू झाला होता. त्या ओढीने ती १८५८च्या सप्टेंबरात हॅम्बुर्गहून आगबोटीने अमेरिकेला निघाली. बोटीचे नाव ऑस्ट्रिया. १३ सप्टेंबरला भर अटलांटिकमध्ये, खालचे मजले निर्जंतुक करण्यासाठी डांबराचा धूर करत असताना डांबर पेटले आणि बोट जळाली. पाचशेहून अधिक माणसे बोटीवर होती, वाचली शंभराहून कमी. येट वाचलेल्यांत नव्हती.

ज्याने आयुष्यभर ट्रंकेत दोर बाळगला त्याची मैत्रीण आगीत गेली, आणि तीही अशा ठिकाणी जिथे दोराचा काही उपयोग नव्हता. अँडरसनच्या मनाने रात्रंदिवस एकच काम चालवले. ती कुठे असेल, धुराने गेली असेल की ज्वाळांनी की पाण्याने, ती मला हाका मारत असेल का. एक दिवस कोपनहेगनच्या रस्त्यातून चालताना दोन्ही बाजूंची घरे त्याला प्रचंड लाटा होऊन एकामागून एक अंगावर येताना दिसली. आजोबांची सावली ज्या दिवसासाठी जपून ठेवली होती तो दिवस आला असे वाटण्यासारखाच तो क्षण होता. आणि तिथे, रस्त्यातच, तो स्वत:लाच घाबरला. हा विचार असाच चालू ठेवला तर आपण वेडे होऊ, हे त्याने स्वच्छ पाहिले, आणि सगळे बळ एकवटून मनाला त्यावरून उठवले. दु:ख गेले नाही, ते जायचे नव्हतेच. पण मरणाचे तेच चित्र पुन:पुन्हा रंगवणे म्हणजे येटची आठवण काढणे नव्हे, हे त्याला कळले असावे. ज्याला असे एकट्याने उठता येत नाही त्याने डॉक्टरांकडे जावे. अँडरसनच्या काळी तशी सोय नव्हती, आज आहे.

अमेरिकेतून त्याला पुढेही बोलावणी आली. तो गेला नाही. अटलांटिक ओलांडायचे त्याला कधीच जमले नाही, आणि मी त्याला याबद्दल दोष देणार नाही. पण ट्रंक त्याने माळ्यावर टाकली नाही. १८६२ साली तो स्पेनला गेला आणि तिथून बोटीत बसून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तँजियरला उतरला. १८६६ साली पोर्तुगाल. दरम्यान रोजनिशी चालूच होती. दहाहून अधिक खंड भरतील इतक्या त्या रोजनिशीत एका पानावर तो मरणाच्या दारात असतो आणि पुढच्या पानावर जेवण कसे होते, कोण भेटले, डोंगर कसा दिसला हे असते. मध्ये काय झाले? काही नाही. सकाळ झाली.

हे वाचून मी एक वही केली. डाव्या पानावर भीती, तारखेसह. उजव्या पानावर महिनाअखेरीस प्रत्यक्ष काय घडले ते. जमाखर्चाची सवय हाताला होतीच. वर्ष झाले तेव्हा उजवी पाने बहुतेक कोरी होती. पण गंमत वेगळीच होती. त्या वर्षी जे खरोखर घडले, म्हणजे ह्यांचा पाय मोडला, गावच्या घराची भिंत पडली, त्यांची डाव्या पानावर नोंदच नव्हती. ह्यांचा पाय मोडला त्या दिवशी मी गॅसच्या वासाची नोंद केली होती.

अँडरसनचेही तसेच. १८६६ साली त्याला नाइलाजाने स्वत:चे सामान घ्यावे लागले. तोवर तो भाड्याच्या सजलेल्या खोल्यांत राही. त्यात पलंग आला, आणि पलंग पाहून तो दचकला. हा आता आपल्यामागे उरणार, हीच आपली मरणशय्या! तिथे मरण आले नाही. पण १८७२ साली तो पलंगावरून पडला आणि त्या दुखण्यातून पुरता असा कधी सावरला नाही. वणवे, दरोडेखोर, पिसाळलेली कुत्री यांच्यावर एवढी शाई खर्च केली. पलंगावरून पडण्याचा त्यात कुठे विचार नव्हता.

त्याआधी, ६ डिसेंबर १८६७ला, ओडेन्सने त्याला सन्माननीय नागरिक केले. संध्याकाळी गावात रोषणाई झाली, मशाली घेऊन मिरवणूक आली. भविष्यवाली खरी ठरली. नगरभवनाच्या उघड्या खिडकीशी तो उभा होता आणि त्याची दाढ ठणकत होती. गार वारा थेट दाढेला लागत होता. खाली मुले गात होती आणि तो गाणी किती कडवी उरली आहेत ते मोजत होता. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी त्याच्या वाट्याला आलेले संकट हे एवढे होते, आणि ते त्याने उभ्या उभ्या सोसले.

१८७३ साली, अडुसष्टाव्या वर्षी, तो शेवटचा परदेशी जाऊन आला, स्वित्झर्लंडला. नंतर यकृताच्या कर्करोगाने घेरले. मेल्कियोर नावाच्या स्नेही कुटुंबाने त्याला शहराबाहेरच्या आपल्या घरी ठेवून घेतले. तिथेही घरच्या बाईंकडून त्याने वचन घेतले होते की मी गेल्यावर पुरण्याआधी माझ्या नसा कापायला सांगा. ४ ऑगस्ट १८७५च्या सकाळी, अकराच्या सुमारास, तो झोपेतच गेला. दोर त्याला कधी वापरावा लागला नाही.

मुलगी पुढच्या आठवड्यात पुन्हा नागपूरला निघाली आहे, रात्रीच्या बसनेच. फोनला वरून जोडायची एक जास्तीची बॅटरी मिळते म्हणतात. ती मी आणली आहे आणि तिच्या पिशवीत तळाशी ठेवली आहे. ह्यांना अजून सांगितलेले नाही.